मागनं म्हणणाऱ्या बायका

(कोल्हापूर इथे महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची शैली शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजच्या विषयपत्रिकेवर गाण्यांचा विषय पाहून काही जणींना नवल वाटलं असेल. आपल्याकडे गाणी विषयपत्रिकेवर नसतात. ती असतात सभा सुरू होण्याआधी, बायका जमेपर्यंत. किंवा भाषणं लांबली, मागच्या रांगेतल्या बायका एसटीच्या वेळेनं चुळबुळ करायला लागल्या, की कुणीतरी म्हणतं, "चला, एक गाणं होऊन जाऊ दे." गाणं झालं की मग 'मुख्य कार्यक्रम'. आज मला त्या गाण्यांनाच मुख्य कार्यक्रम करायचं आहे.

एक साधा प्रश्न विचारते. आपण शिबिरात, मोर्चात, आठ मार्चला जी पाच-सहा गाणी हमखास म्हणतो, ती कुणी लिहिली? चाल कुणी बसवली? पहिल्यांदा कुठे आणि कशासाठी म्हटली गेली? गेल्या वर्षभरात मी हा प्रश्न बऱ्याच कार्यकर्त्यांना विचारला. बहुतेक वेळा उत्तर आलं, "ते चळवळीचं गाणं आहे." हे उत्तर प्रेमानं दिलेलं असतं, पण पुरेसं नसतं. चळवळ गाणं लिहीत नाही. एखादी बाई स्वयंपाक उरकून, मुलांना झोपवून, वहीच्या मागच्या पानावर ते लिहिते. दुसरी कुणीतरी त्याला चाल लावते. तिसरी ढोलकी किंवा डफ धरते. आणि चार-पाच जणी मागनं म्हणतात.

ह्या बायका, ऐंशीच्या दशकातल्या कलापथकांतल्या बायका, मला शोधायच्या आहेत. त्या दशकात आमच्या पिढीतल्या काही जणी जन्मल्याही नव्हत्या, काही पाळण्यात होत्या. त्यामुळे आमच्यासाठी हा आठवणींचा विषय नाही, शोधाचा विषय आहे.

जगात काय चाललंय

आधी थोडं लांबून येते. हल्ली जगभर एक प्रकार चालू आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातले, कुणी फारसे न ऐकलेले गाण्याचे गट, ज्यांना बँड म्हणतात, ते लोक शोधून काढतात, त्यांच्या जुन्या तबकड्या पुन्हा छापतात, त्यांच्यावर लेख लिहितात. हे गट बहुतेक करून मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचे. स्वतः गाणी रचायची, छोट्या खोलीत ध्वनिमुद्रित करायची, हातोहात विकायची. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत, म्हणून सांगते.

पहिली लंडनची. १९७७ साली कलाशाळेत शिकणाऱ्या ॲना दा सिल्वा आणि जीना बर्च या दोघींनी 'द रेनकोट्स' नावाचा गट सुरू केला. थोड्याच दिवसांत तो पूर्णपणे बायकांचा झाला. वाद्यं त्या वाजवता वाजवताच शिकल्या, आणि त्यांनी ते लपवलं नाही. १९७९ साली त्यांची पहिली तबकडी एका छोट्या स्वतंत्र कंपनीनं काढली. १९८४ पर्यंत गट विखुरला. मग १९९२ च्या सुमाराला 'निर्वाना' या अतिशय गाजलेल्या अमेरिकन बँडचा गायक कर्ट कोबेन ती तबकडी शोधत लंडनमध्ये हिंडला. शेवटी त्याला सांगण्यात आलं की ॲना जवळच जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करते. तो तिथे गेला. पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, त्या तबकड्या पुन्हा निघाल्या आणि नव्या पिढीतल्या मुलींनी त्या ऐकल्या. गट पुन्हा एकत्र आला.

दुसरी गोष्ट आपल्या देशातल्या बाईची. कलकत्त्याच्या रूपा बिस्वास १९८१ साली भावाकडे कॅनडात कॅलगरीला गेल्या होत्या. तिथे सरोदवादक आशिष खान आणि काही कॅनेडियन वादक यांच्याबरोबर त्यांनी एक तबकडी ध्वनिमुद्रित केली, 'डिस्को जॅझ'. १९८२ साली कलकत्त्याच्या मेगाफोन कंपनीनं ती भारतात काढली. ती चालली नाही. रूपाताई संसाराला लागल्या. पुढे परदेशातले संग्राहक त्या तबकडीच्या जुन्या प्रती चढ्या किमतीला विकत घेत होते आणि जिचा आवाज त्यावर होता तिला याचा पत्ताही नव्हता. तिच्या मुलानं घरात पडून असलेल्या प्रतीवरून शोध घेतला तेव्हा हे कळलं. २०१९ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं ती तबकडी रीतसर पुन्हा काढली.

या दोन्ही गोष्टींत काय सारखं आहे पाहा. गाणं चांगलं होतं म्हणून ते आपोआप परत आलं, असं झालेलं नाही. एक वस्तू शिल्लक होती: तबकडी. त्या वस्तूवर नाव होतं. आणि त्या नावाच्या मागे जाणारं कुणीतरी निघालं. वस्तू, नाव आणि शोधणारं माणूस, या तिन्ही गोष्टी जुळल्या. एक जरी नसती तरी ती गाणी गेलीच असती.

आता ही मोजपट्टी घेऊन आपल्या घरात येऊ.

आपले बँड

आपल्याकडे त्यांना कुणी बँड म्हटलं नाही. बँड म्हणजे लग्नाच्या वरातीतला. आपण म्हटलं कलापथक. पण होते ते तेच. कंपनी नाही, पैसा नाही, सगळं स्वतःचं. आणि ही पथकं मौजेखातर निघाली नव्हती.

तो काळ आठवा. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही ती चार माणसं. १९८० साली देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडाचा मृत्यू झाला, १९८४ मध्ये तो खटला सर्वोच्च न्यायालयात सुटला. १९८३ साली बलात्काराच्या कायद्यात बदल झाला, त्याच वर्षी दंडसंहितेत ४९८ अ हे कलम आलं. गर्भजल परीक्षेविरुद्धच्या लढ्यातून १९८८ साली महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला.

हे सगळं वस्तीतल्या, खेड्यातल्या बाईला कसं सांगायचं? पत्रक वाचता येत नव्हतं. भाषणाला नवरा पाठवत नव्हता. पण देवळापुढे गाण्याचा कार्यक्रम आहे म्हटलं की बाई येत होती. मुंबईत १९७५ साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेनं हे ओळखलं. ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' १९८३ साली रंगभूमीवर आलं. रंगभूमी म्हणजे कुठली? शाळेचं पटांगण, चाळीचा चौक, कारखान्याचं फाटक. सगळ्या भूमिका बायकाच करत, पुरुषांच्यासुद्धा. बोलण्याइतकंच गाणं. त्याचे हजारो प्रयोग झाले, दुसऱ्या भाषांत ते गेलं. १९८५ साली स्त्रीमुक्ती यात्रा निघाली, त्यातही गाणी गावोगाव पोचली. एका बाजूला हे मोठं, नाव असलेलं काम. आणि त्याचं पाहून, त्यातून शिकून, तालुक्या-तालुक्यात उभी राहिलेली लहान पथकं. अंगणवाडीतल्या बायका, विडी कामगार, शिक्षिका, शेतमजूर बायका. त्यांच्या पथकाला धड नावही नसायचं. मला खरं म्हणजे ह्या दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलायचं आहे.

त्यांचं तंत्र समजून घेण्यासारखं आहे. चाल नवी करायच्या भानगडीत त्या पडत नसत. लोकांच्या ओठांवर असलेली चाल घ्यायची. भोंडल्याची, गवळणीची, पोवाड्याची, भीमगीताची, नाहीतर त्या वर्षी गाजलेल्या सिनेमाच्या गाण्याची. ओळ लहान ठेवायची, म्हणजे एकदा ऐकून मागनं म्हणता येते. ध्रुपद असं हवं की तिसऱ्या वेळी समोरच्या बायकांनीच उचललं पाहिजे. कडव्यात गावातला प्रसंग घालायचा. हुंड्याची रक्कम बदलायची, दारूच्या गुत्त्याचं ठिकाण बदलायचं, सरपंचाच्या जागी फौजदार घालायचा. एकच गाणं गडहिंग्लजला एक आणि इचलकरंजीला दुसरं होई. ही कारागिरी आहे, मैत्रिणींनो. कवितेच्या पुस्तकात ती बसत नाही म्हणून तिला कुणी कारागिरी म्हटलं नाही, एवढंच.

आणि त्याच वेळी हातात आली कॅसेट. तोपर्यंत ध्वनिमुद्रण म्हणजे मोठी कंपनी, मोठा स्टुडिओ, मोठा गायक. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर घरोघरी आला. पीटर मॅन्युएल या अभ्यासकानं १९९३ साली भारतातल्या कॅसेटवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा, की कॅसेटनं संगीतावरची मोजक्या कंपन्यांची पकड मोडली आणि प्रादेशिक, धार्मिक, राजकीय असे सगळे आवाज बाजारात आले. आपल्या पथकांना बाजारही नको होता. साठ मिनिटांची कोरी कॅसेट, समोर ठेवलेला टेपरेकॉर्डर, आणि सगळ्या जणी त्याच्याभोवती गोल. एक प्रत झाली की दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर दुसरी. शिबिरात आलेली बाई प्रत घेऊन जायची, तिच्या गावात तिची आणखी प्रत व्हायची. प्रत्येक प्रतीबरोबर खरखर वाढायची आणि गाणं पुढे जायचं.

मग ती गेली कुठे?

ही पथकं हरवली याला कारणं आहेत, आणि ती नशिबाची नाहीत.

पहिलं कारण, नाव लिहायचं नाही ही आपलीच समजूत. नाव म्हणजे मिरवणं, आणि मिरवणं म्हणजे पुरुषी, व्यक्तिवादी. आपण सामूहिक. त्यामागची भावना चांगली होती. पण परिणाम काय झाला? ज्यांची नावं आधीच छापून येत होती, त्यांची राहिली. शहरातल्या, शिकलेल्या, लेख लिहिणाऱ्या बायकांची नावं राहिली. दलित वस्तीतून आलेली खड्या आवाजाची बाई, ढोलकी वाजवणारी विडी कामगार, यांचं नाव 'सामूहिक' या शब्दात विरघळलं. सामूहिकतेचा भार सगळ्यांनी सारखा उचलला नाही, हे आपण मान्य केलं पाहिजे.

दुसरं कारण, बायकांच्या आयुष्याची रचना. पुरुषांचं भजनी मंडळ चाळीस वर्षं चालतं, कारण त्यातला पुरुष लग्न झालं म्हणून गाव सोडत नाही. आपल्या पथकातली मुलगी लग्न झालं की सासरी. सासरी गाणं बंद. एखादी बाळंतपणात अडकली, एखादीची बदली झाली, एखादीला नवऱ्यानं रात्रीच्या कार्यक्रमाला जाऊ देणं बंद केलं. पथक भांडून फुटलं नाही, एकेक जण गळत गेली आणि एका आठ मार्चला लक्षात आलं की पथकच नाही.

तिसरं कारण वस्तूचं. कॅसेट ही अत्यंत नाजूक चीज आहे. आपल्याकडचा पावसाळा, ओलसर भिंती. फितीवर बुरशी येते, फीत चिकटते, आतला स्पंजचा तुकडा गळून पडतो. आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे तिच्यावर दुसरं काहीही भरता येतं.

मागच्या पावसाळ्याआधी करवीर तालुक्यातल्या एका निवृत्त अंगणवाडी सेविकेकडे गेले होते. मावशींनी पत्र्याच्या ट्रंकेतून, लाइट बिलांच्या गठ्ठ्याखालून एक कॅसेट काढली. वर निळ्या शाईत दोनच शब्द: 'गाणी – मोर्चा'. साल नाही, गाव नाही, नाव नाही. ती लावली. सुरुवातीला कुणाचं तरी लहान मूल रडतंय, कुणीतरी "त्याला बाहेर न्या गं" म्हणतंय, आणि मग पाच-सहा जणींचा आवाज. ढोलकी थोडी पुढे पळते, मग सावरते. दोन गाणी पूर्ण. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात खटका वाजतो आणि एकदम हिंदी सिनेमातलं गाणं सुरू होतं. मावशी म्हणाल्या, "पोरानं भरलंय ते. त्याला काय म्हाईत."

मी विचारलं, मावशी, यात तुमचा आवाज कुठला? त्या हसल्या. "मी काय म्होरं म्हणत नव्हतो. मी आपली मागनं म्हणणारी. माझं नाव कशाला घालतीस?" मग मी म्हटलं, बरं, मागनं म्हणणाऱ्या कोण कोण होतात? मावशींनी बोटं मोजत पाच नावं सांगितली. दोघी आता नाहीत. एक मुलीकडे पुण्याला असते. दोघी त्याच गावात, एक तर चार घरं सोडून. चाळीस वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पाच नावं मिळायला अर्धा तास लागला. हा अर्धा तास आपण इतकी वर्षं का काढला नाही, हा माझा प्रश्न आहे.

जवळच सापडलेली एक गोष्ट

असा शोध लंडन-कॅनडातच लागतो असं कुणी समजू नका. आपल्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, कागलच्या पुढे निपाणीत लागलेला शोध सांगते. तो गाण्याचा नाही, सिनेमाचा आहे, पण ते दशक तेच आणि पद्धतही तीच.

निपाणी म्हटलं की १९८१ चं शरद जोशींचं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन आठवतं. पण त्याच गावात तंबाखूच्या वखारींत हजारो बायका दिवसभर धुळीत, खाटात काम करत होत्या. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं त्या संघटित झाल्या, मालकांच्या अरेरावीविरुद्ध, मजुरीसाठी लढल्या. हा लढा किती जणींना ठाऊक आहे?

१९८० साली बेंगळुरूत दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज काँट्रॅक्टर या चौघांनी 'युगांतर' नावाचा एक गट काढला. चार माणसांचा गट, स्वतःचा कॅमेरा, बाजाराशी संबंध नाही. बँडच म्हणा. त्यांनी १९८१ साली पुण्यातल्या घरकामगार बायकांच्या संघर्षावर 'मोलकरीण' केला. १९८२ साली निपाणीच्या वखारीतल्या बायकांबरोबर 'तंबाखू चाकीला ऊब आली' केला. दोन्ही मराठीत. पुढच्या वर्षी हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर तेलुगूत एक आणि चिपको चळवळीतल्या बाईवर एक, असे चार छोटे चित्रपट करून हा गट थांबला.

निपाणीत ते महिनोन्महिने बायकांच्या सोबत राहिले. काय दाखवायचं हे बायकांशी बोलून ठरलं. घडून गेलेले प्रसंग बायकांनी स्वतः पुन्हा करून दाखवले. तयार झालेला चित्रपट प्रोजेक्टर घेऊन वस्त्यांत, संघटनांत दाखवला गेला. आणि मग तीसेक वर्षं तो जवळजवळ कुणी पाहिला नाही. नंतर बर्लिनच्या आर्सेनल या चित्रपट संस्थेनं जुन्या प्रिंट्सवरून हे चित्रपट नव्यानं नीट करून घेतले, आणि आता ते जगात दाखवले जातात. वखारीतल्या त्या बायका, त्यांचे चेहरे, त्यांचं बोलणं आज पाहता येतं, कारण फीत सांभाळली गेली होती आणि तिच्यावर करणाऱ्यांची नावं होती.

याचा आनंद आहेच. पण थोडं टोचतंही. निपाणीच्या बायकांचा चित्रपट बर्लिनमध्ये वाचला, आणि कोल्हापुरात आपण तो किती ठिकाणी दाखवला? त्यातल्या बायकांच्या नाती-पणती निपाणीत, कागलमध्ये आहेत. त्यांना आपली आजी पडद्यावर दाखवण्याचं काम आर्सेनल करणार नाही. ते आपलं आहे.

नाव लिहिण्याची रीत

नाव लिहिणं शक्य आहे, हे दाखवणारं उत्तम उदाहरण आपल्याकडेच आहे. जात्यावरच्या ओव्या म्हणजे तर अनामिकतेचा कळस. शतकानुशतकं बायकांनी म्हटल्या आणि ग्रंथात छापल्या गेल्या 'लोकसाहित्य' म्हणून, म्हणजे कुणाच्याच नाहीत अशा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी कार्यकर्त्यांच्या मदतीनं महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तीन हजारांहून अधिक बायकांकडून. आणि प्रत्येक ओवीबरोबर बाईचं नाव आणि गाव लिहिलं. २०१७ पासून 'पारी'नं त्या प्रसिद्ध करायला सुरुवात केली तेव्हा कार्यकर्ते ती नावं हातात घेऊन पुन्हा त्या गावांत जाऊ शकले. काही आज्या भेटल्या, फोटो निघाले, पुन्हा ओव्या म्हटल्या गेल्या. वहीत नाव होतं म्हणून दार सापडलं.

हिंदीत कमला भसीन यांचं पाहा. त्यांनीही लोकगीतांच्या, कव्वालीच्या, सिनेमाच्या चालींवरच गाणी बांधली, सगळ्यांना वाटली, कुणीही म्हणा म्हणाल्या. तरी ती गाणी त्यांच्या नावानं ओळखली जातात. २०२१ मध्ये त्या गेल्या तेव्हा देशभर बायकांनी तीच गाणी म्हटली. नाव लावल्यानं गाणं कमी सामूहिक झालं का? मला तसं वाटत नाही.

कायदाही इथे आपल्या बाजूनं आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार आपली कृती आपली आहे हे सांगण्याचा हक्क लेखकाला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही, म्हणजे कलाकारांना, आपलं नाव सांगितलं जाण्याचा हक्क मिळाला. मागनं म्हणणारी बाई कायद्याच्या नजरेत कलाकारच आहे. आपल्या नजरेत कधी होणार?

ती गाणी चांगली होती का?

काही जणी म्हणतील, भावनेच्या भरात सगळंच थोर ठरवू नकोस. मान्य आहे. सगळी गाणी चांगली नव्हती. काहींत नुसत्या घोषणा होत्या. काहींत बाई म्हणजे फक्त रडणारी, जळणारी. काहींत सवतीला, सासूला शिव्या आणि नवरा मोकळा. काही गाणी 'आम्ही साऱ्या बहिणी' म्हणत जातीचा प्रश्न गुंडाळून ठेवत होती. आज ती ऐकताना हे कानाला खटकतं, आणि खटकलं पाहिजे. म्हणून तर ती सांभाळायची. चळवळ तेव्हा काय विचार करत होती, कुठे धीट होती, कुठे अडखळत होती, हे ठरावांच्या कागदांपेक्षा गाण्यांतून जास्त कळतं. ठराव चार जणी लिहितात, गाणं चारशे जणींना पटावं लागतं.

आणि त्यातली जी चांगली होती ती फार चांगली होती. विनोद होता त्यांत, जो आपल्या आजच्या परिपत्रकांत उरलेला नाही. नवऱ्याची, सासऱ्याची, पुढाऱ्याची नक्कल करून बायका पोट धरून हसायच्या, आणि हसता हसता घरी जाऊन विचार करायच्या. समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बाईला आज आपण अर्ज देतो, कायद्याची माहिती देतो. ते हवंच. पण तोंड उघडायचा पहिला धीर त्या काळी पुष्कळ जणींना ध्रुपद मागनं म्हणताना आला होता. एकटीनं बोलण्याआधी सगळ्यांबरोबर म्हणून पाहायचं, ही ती पायरी होती.

काय करायचं

नुसतं बोलून उपयोग नाही. ह्या बैठकीतून उठताना प्रत्येक गटानं काही कामं घ्यावीत असं सुचवते.

एक. आपापल्या तालुक्यातल्या साठीच्या पुढच्या कार्यकर्त्यांची यादी करा आणि प्रत्येकीच्या घरी जा. "कॅसेट आहे का" एवढंच विचारू नका. वही आहे का, शिबिराचा फोटो आहे का, तुमच्याबरोबर कोण म्हणायचं, ढोलकी कोण वाजवायचं, हे विचारा. कॅसेट नसली तर त्यांना म्हणायला सांगा आणि मोबाइलवर भरून घ्या. अर्धं आठवलं तरी चालेल. दोघींना एकत्र बसवा, एकीला ओळ आठवली की दुसरीला कडवं आठवतं.

दोन. कॅसेट मिळाली तर घाईनं लावू नका. खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली तर अजिबात लावू नका, जाणकाराकडे द्या. ठीक असेल तर आधी कॅसेटच्या मागच्या कडेवरच्या दोन लहान प्लास्टिकच्या टोकांचा तुकडा मोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरं काही भरलं जाणार नाही. हे चाळीस वर्षांपूर्वी केलं असतं तर ते तिसरं गाणं आज पूर्ण असतं. चांगल्या टेपरेकॉर्डरवरून वायरनं संगणकात उतरवून घ्या. मूळ फाइल दाबून लहान करू नका. तीन प्रती करा आणि तीन वेगवेगळ्या घरी ठेवा. त्यातली एक त्या बाईच्या घरी असलीच पाहिजे.

तीन. प्रत्येक गाण्याबरोबर एक कागद. गाणं कुणी रचलं, चाल कशावरून घेतली, पुढे कोण, मागे कोण, वाद्य कुणाचं, गाव, साल, निमित्त. आठवत नसेल तिथे मोकळी जागा सोडा. अंदाजानं भरू नका. मोकळी जागा दुसऱ्या कुणाला तरी भरता येते.

चार. परवानगी. काही जणींना आजही घरात अडचण असते. काहींनी स्वतःवर बेतलेलं गाण्यात घातलेलं असतं. नाव जाहीर करायचं की फक्त दप्तरात ठेवायचं, हे तिनं ठरवायचं. नाव लिहून ठेवणं आणि नाव छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिनेमाच्या चालीवरची गाणी सर्वांसाठी प्रसिद्ध करताना चालीच्या हक्काचा प्रश्न येऊ शकतो, तेव्हा वकील मैत्रिणीला विचारून करा. पण जपून ठेवायला कुणाची हरकत नाही.

पाच. आणि हे सगळ्यात सोपं. आजपासून सभेत गाणं म्हणण्याआधी, माहीत असेल तर, एक वाक्य सांगायचं: हे गाणं अमुकीनं रचलं, अमुक गावच्या पथकानं म्हटलं. माहीत नसेल तर तेही सांगायचं, की हे कुणाचं आहे ते शोधतोय, तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. समोरच्या दोनशे बायकांत एखादी असेल जिला ठाऊक आहे. कदाचित तिचीच आत्या असेल ती.

मैत्रिणींनो, वेळ फार नाही. ज्या बायका १९८५ साली पंचविशीत होत्या त्या आज पासष्टीच्या आसपास आहेत, ज्या चाळिशीत होत्या त्या ऐंशीच्या. मावशींनी सांगितलेल्या पाचांतल्या दोघी गेल्या, हे मी मघाशी सांगितलं. उरलेल्या तिघींपैकी दोघींना पुढच्या रविवारी भेटायला जाणार आहे. त्या तिसऱ्या गाण्याचं उरलेलं कडवं त्यांच्यापैकी एकीला पाठ आहे, असं मावशी म्हणतात. कुणाला यायचं असेल तर बैठकीनंतर मला भेटा. दोघी-तिघी असलो तर बरं, म्हणजे एकीनं विचारायचं, एकीनं लिहायचं, आणि कडवं आठवलं तर मागनं म्हणायलाही कुणीतरी हवं.